वाचकांचे प्रश्न : वह्या दोन भरल्या, निबंध मात्र उभा राहत नाही

प्रश्न : मी रत्नागिरी तालुक्यातील एका गावात राहते आणि बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. आमची हापूसची थोडी कलमे आहेत. निबंध स्पर्धेसाठी मी 'हापूस आणि भौगोलिक मानांकन' (म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाला मिळणारे कायद्याचे संरक्षण) हा विषय घेतला असून शब्दमर्यादा १५०० आहे. माहितीने दोन वह्या भरल्या, परंतु कच्चा मसुदा वाचून सर म्हणाले, "माहिती पुष्कळ आहे, पण तुझं म्हणणं काय?" मध्यवर्ती विधान कसे शोधावे, कोणता पुरावा ठेवावा आणि आराखडा आधी करावा की नंतर?

उत्तर : आपण मसुद्यासोबत पाठवलेली टिपणे वाचली. पोर्तुगीजांची कलमे, युरोपीय संघाने २०१४ मध्ये फळमाशीमुळे घातलेली आणि पुढच्याच वर्षी उठवलेली बंदी, लासलगावचे विकिरण केंद्र, फळातला साका (आतला गर खराब होण्याचा दोष), असे सगळे त्यांत आहे आणि ते चुकीचेही नाही. अडचण अशी की यांतला कोणताही परिच्छेद काढून टाकला तरी उरलेल्या निबंधाला काहीच होत नाही. ज्याच्या जाण्याने काही ढासळत नाही, ते मुळात कशालाच आधार देत नव्हते, असे समजावे.

मध्यवर्ती विधान म्हणजे ज्याच्याशी एखादा जाणता माणूस वाद घालू शकेल असे एक पूर्ण वाक्य. 'कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले' ही घटना झाली, तिच्याशी भांडणार कोण? 'मानांकन बागायतदारांसाठी महत्त्वाचे आहे' हे त्याहून वाईट, कारण त्यात घटनाही नाही. आपल्याच टिपणांच्या समासात आपण एक ओळ लिहिली आहे : 'बाबांनी नोंद केलेली नाही, कारण त्याने भाव वाढत नाही असे ते म्हणतात.' ही नोंद म्हणजे मानांकनाचे नाव वापरण्यासाठी उत्पादकाने स्वतः करायची नोंद. निबंध या ओळीत आहे. तिचे विधान असे करता येईल : 'मानांकनाने हापूसच्या नावाला कायद्याचे कुंपण घातले, परंतु ज्या लहान बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली नाही, त्याला त्या कुंपणाचा लाभ मिळत नाही.' आता आपले वडीलच याच्याशी वाद घालतील, आणि तसा वाद घालणारा घरात असणे ही निबंध लिहिणाऱ्यासाठी मोठी सोय आहे.

पुराव्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपण निबंधाची सुरुवात एका पेटीने केली आहे : महामार्गावरच्या दुकानातून घेतलेली, वर 'रत्नागिरी हापूस' असे छापलेली आणि गवताखाली कानडी वर्तमानपत्र निघालेली पेटी. प्रसंग झकास आहे. मीही एकदा अशी पेटी घरी आणली आहे आणि सौभाग्यवतींनी तिचा विषय अजून संपवलेला नाही. पण ते कागद नेमके काय सिद्ध करतात? कागद कानडी होता एवढेच. आंबा कर्नाटकातून आला असल्याचा संशय त्यावरून घेता येतो, निष्कर्ष काढता येत नाही. रद्दी कुठूनही कुठेही जाते. म्हणून पेटी सुरुवातीला राहू द्यावी, मात्र तिच्यावर विधानाचा भार टाकू नये. भार पेलणारा पुरावा दोन ठिकाणी मिळेल. पहिले ठिकाण म्हणजे भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा, जो २००३ मध्ये अमलात आला : नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण होते, आणि मानांकन कोणा एकाच्या मालकीचे नसल्यामुळे उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. दुसरे ठिकाण आपली वाडी. दहा बागायतदारांना तेच तीन प्रश्न विचारावेत : नोंद केली का, नसल्यास का नाही, आणि केली असल्यास पेटीवर ती दिसते का. उत्तरे जशी येतील तशी मांडावीत आणि ही दहाच घरे आहेत हेही लिहावे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाचही जिल्हे मानांकनात येतात; त्या सर्वांविषयी एका वाडीवरून बोलता येणार नाही.

आराखडा आधी करावा, पण शीर्षकांचा करू नये. 'मानांकनाचा इतिहास' असे लिहिले की त्याखाली वाटेल ते भरता येते, आणि आपले नेमके तेच झाले आहे. प्रत्येक परिच्छेदासाठी एक पूर्ण वाक्य लिहावे आणि ती वाक्ये ओळीने वाचून पाहावीत. जिथे 'म्हणून' किंवा 'परंतु' जोडता येत नाही, केवळ 'तसेच' जोडावे लागते, तिथे सांधा निखळलेला असतो. शब्दांची समान वाटणीही नको. कायद्याला तीनशे शब्द पुरेत, वाडीतल्या उत्तरांना सहाशे द्यावेत. वडिलांचा आक्षेप शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, त्यांच्या बाजूने पूर्ण ताकदीने मांडावा : हंगामापूर्वी दलालाकडून उचल घेतलेला बागायतदार नोंद करूनही भाव ठरवू शकत नाही. दहा घरांतून हेच वारंवार ऐकू आले, तर विधान बदलावे आणि आराखडा पुन्हा लिहावा. मसुदा लिहून झाल्यावर विधान बदलण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

प्रश्न : मालवणच्या बंदरावर आमचे आजोबा रापणीला (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून करायच्या मासेमारीला) जात. ते सांगतात की नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालतच नसत. पावसाळी मासेमारी बंदीवरच्या निबंधात त्यांचे सांगणे पुरावा म्हणून चालेल का?

उत्तर : चालेल, त्यांनी स्वतः जे केले आणि पाहिले त्यापुरते. 'पूर्वी सगळेच बंदी पाळत' असे त्यावरून लिहू नये. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस, बंदी असते आणि नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. सरकारी तारीख आणि आजोबांची तारीख यांत पडणारे हे अंतर आपल्या निबंधाचा प्रश्न होऊ शकते. ते थांबत ते रिवाजामुळे की उधाणाच्या भीतीने, हे त्यांना विचारावे आणि उत्तर त्यांच्याच मालवणीत उतरवून घ्यावे.