जिमवाले ‘फक्त कॉम्प्लेक्स कार्ब्स खा’ म्हणतात, मग पोळी-भात सोडायचा का?

सोडू नका. तुम्ही लिहिलंय की वजन उतरवायचंय, ट्रेनरने पोळी-भात बंद करून ओट्स आणि रताळी सांगितली, आणि आता अकरा वाजताच भुकेने जीव जातो. मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि नाशकात सिडकोला घरची पिठाची गिरणी चालवतो, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने.

ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडले की स्टार्चची साखळी तयार होते. कॉम्प्लेक्स कार्ब म्हणतात ते हेच. आता गंमत बघा. मैदा, साबुदाणा, बटाटा, पांढरा भात या सगळ्यांत हीच साखळी आहे. म्हणजे ट्रेनरच्या नियमाने मिसळीसोबतचा पावही चालायला हवा! लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज नावाचं एन्झाइम (पचनाचं रसायन) ही साखळी तोडतं, आणि शिजलेल्या, बारीक दळलेल्या धान्यात ते काम पटकन होतं. टोरांटोचे संशोधक डेव्हिड जेनकिन्स यांनी 1981 मध्ये ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा आकडा, मांडला तो याचमुळे: ग्लुकोजला 100 धरायचं, 55 पर्यंत कमी, 70 पासून पुढे जास्त. पांढरा ब्रेड बहुतेकदा जास्तीच्या गटात येतो. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडी पोटात टिकते ती दाण्याच्या कुटामुळे.

खरा फरक पडतो तो तंतूंनी, म्हणजे फायबरने. त्यातलं सेल्युलोज तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही. काही तंतू पाणी धरून पचन सावकाश करतात, काहींवर मोठ्या आतड्यातले जिवाणू जगतात. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू, बाजरीत आणि नागलीत (नाचणीत) 11 च्या आसपास. पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात 3 च्या आत. आणि कोंड्यासकट गव्हाच्या पिठात? तिथेही 11च्या घरात! म्हणजे पोळी गुन्हेगार नाहीच. पण ‘पोळी मऊ होत नाही’ म्हणून लोक माझ्याकडून पीठ एकदम बारीक दळून नेतात, घरी मैद्याच्या चाळणीने चाळतात आणि कोंडा गाईला घालतात. गाय मजेत.

तुम्ही दळण टाकाल तेव्हा ‘जरा जाडसर’ म्हणा आणि चाळू नका. नागली पेठ-सुरगाण्याकडची मिळाली तर उत्तमच, कॅल्शियमही भरपूर. पण तिची भाकरी खा. बारीक पिठाची पातळ पेज साखर लवकर चढवते, ‘नागली आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नका. उपवासाच्या भगरीचंही तसंच. तिच्या मिल नाशकातच आहेत, पण दाणा जितका पॉलिश करून पांढरा करतात तितका कोंडा जातो. शिजवून गार केलेल्या भातात थोडा स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि सावकाश पचतो. फरक लहान असतो, आणि तो भात फ्रिजमध्ये ठेवलेला हवा, रात्रभर ओट्यावर नव्हे.

वजनाचं गणित मात्र वेगळं. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठातही 65-70 ग्रॅम कर्बोदकं असतातच आणि प्रत्येक ग्रॅममागे 4 कॅलरी. चार भाकऱ्या हाणल्या तर ज्वारी काही वाचवणार नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात धान्यांकडून साधारण 45 टक्केच ऊर्जा घ्या असं म्हटलंय. आपल्या ताटात ती सहज त्याहून जास्त होते. म्हणून एक पोळी कमी करा आणि त्या जागी मटकीची किंवा हुलग्याची उसळ वाढा. कडधान्यात स्टार्च, तंतू आणि प्रथिनं एकत्र येतात, पोट दुपारपर्यंत धरतं. ओट्स आवडत असतील तर खा, वाईट काहीच नाही, पण ज्वारी असताना ते विकत घ्यायलाच हवेत असं नाही.

तंतू एकदम वाढवले की पोटात गॅस धरतो. आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या. आणि घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर त्यांचं जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, साखर एकदम खाली येऊ शकते.