शंभर वर्षांपूर्वीची रेसिंग कार आजच्या साध्या कारपुढे टिकेल का?

सरळ रस्त्यावर आरामात टिकेल. ब्रेक मारायची वेळ आली की मात्र खेळ संपला.

तुलनेला 1924 ची बुगाटी टाइप 35 घेऊ. इंजिन 1991 सीसी, आठ सिलिंडर एका ओळीत, ताकद साधारण 90 अश्वशक्ती, वजन 750 किलोच्या आसपास. आजची 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक 80-90 अश्वशक्तीची आणि 900 किलोच्या पुढची. म्हणजे वजनाच्या मानाने ताकद बुगाटीचीच जास्त! तेवढीच ताकद आज बरंच लहान इंजिन देतं, ते वेगळं.

खरा फरक थांबण्यात आहे. बुगाटीचे ड्रम ब्रेक केबलने ओढले जातात, मदतीला सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा, नाही. जोर सगळा पायाचा. केबलींचा ताण कमीजास्त असला की जोरात ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या शूपासून लांब जातो, शूवरच्या लायनरची (घर्षणाच्या थराची) पकडही सुटते. पेडल खोल जातं, गाडी पळतच राहते. आजच्या गाडीतल्या ब्रेकची डिस्क तापली तर उलट तिला दाबणाऱ्या पॅडच्या दिशेने फुगते, शिवाय तिला वारा लागतो. आजची हॅचबॅक ताशी 100 वरून साधारण 40 मीटरमध्ये उभी राहते. त्यात टायरचा वाटाही मोठा. 1924 मध्ये फ्रान्समधल्या ल्योंच्या ग्रां प्री शर्यतीत टाइप 35 पहिल्यांदा उतरली, तेव्हा टायरनीच तिचा घात केला होता.

गिअरचं म्हणाल तर सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना दातांचा वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा, आली 1928 मध्ये, कॅडिलॅकमध्ये. त्याआधीच्या गाडीत तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला छोटा झटका देऊन इंजिनचे फेरे वाढवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग दुसरा टाका. फेरे कमी पडले की करकर आवाज येतो आणि दातांच्या कडा उडतात.

हँडल मारून सुरू होणाऱ्या गाडीत आधी स्पार्क रिटार्ड करावा लागतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडेल असं करावं लागतं. विसरलात तर हँडल उलटं फिरून मनगट मोडू शकतं. म्हणून अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आजच्या गाडीत स्पार्क कधी पडावा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो, आपल्याला पत्ताही लागत नाही.

अशी गाडी चालवायला मिळालीच तर इंजिन बंद असताना पेडलं पायाने चाचपून घ्या. त्या काळच्या बेंटली साडेचार लिटरसारख्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मधे असतो आणि ब्रेक उजवीकडे. घाबरून पाय सवयीच्या जागी गेला तर गाडी थांबायच्या ऐवजी उसळते.