आपला आमदार, त्यांचा आमदार
(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

प्रश्न : आम्ही काही निवृत्त मंडळी सकाळी तलावपाळीला फेरी मारून कट्ट्यावर बसतो. जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा आमच्यातील निम्म्यांनी राजीनामा मागितला आणि निम्म्यांनी ‘जाहिरात आपोआप उघडली असेल’ म्हणून सोडून दिले. त्याआधी विधानभवनाच्या लॉबीत हाणामारी झाली, तेव्हा हीच मंडळी नेमकी उलट बोलत होती. आमचे काय चुकते?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ‘आपला तो बाब्या, लोकांचं ते कार्टं’ ही वृत्ती जुनीच आहे आणि ती केवळ आपल्या कट्ट्यावर नाही. समोरच्या पक्षाचा माणूस सापडला की राजीनामा मागायचा आणि आपला सापडला की पुरावा मागायचा, हे विधानभवनाच्या पायऱ्यांवरही दर अधिवेशनात चालते. पुरावा मागणे गैर नाही आणि राजीनामा मागणेही गैर नाही. मात्र दोन्ही मागण्यांची अदलाबदल पक्षाचे नाव ऐकल्याबरोबर होते, तिथे पाणी मुरते.

आपण दिलेले उदाहरणच पाहू. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेला खेळ बंद करत होतो, असे कोकाटे यांचे म्हणणे होते. जुलैच्या अखेरीस कृषी खाते दत्तात्रय भरणे यांच्याकडे गेले आणि कोकाटे यांना क्रीडा व युवक कल्याण खाते मिळाले. (यावर झालेले विनोद आपल्या कट्ट्यावरही झाले असणार.) कारवाई झाली, असे सत्ताधाऱ्यांचे समर्थक म्हणाले; पाठीशी घातले, असे विरोधक म्हणाले. दोघांनाही आपले म्हणणे खरे वाटू शकले, कारण खातेबदल हा मुख्यमंत्र्यांचा राजकीय निर्णय असतो. सभागृहात बसून मोबाइलवर असे काही करणे हा शिस्तभंग आहे काय, असल्यास किती गंभीर आणि त्याला शिक्षा कोणती, या तीन प्रश्नांचे उत्तर खातेबदलातून मिळत नाही. निवाडा वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत दिला गेला नाही की जो तो आपापला निवाडा घरीच लिहितो, आणि घरचा निवाडा घरच्या पक्षासारखाच निघतो. म्हणून सगळा दोष मी आपल्या मित्रांच्या माथी मारणार नाही.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. ५ जुलै २०२१ रोजी, महाविकास आघाडीचे सरकार असताना, तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणारे सदस्य) भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित करण्यात आले. एक बाजू याला शिस्त म्हणाली, दुसरी लोकशाहीची हत्या म्हणाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी त्या अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य ठरवले. त्यामागचे कारण पाहण्यासारखे आहे : एखादी जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, मग आमदार निवडून आलेला असताना मतदारसंघाला वर्षभर प्रतिनिधीशिवाय ठेवणे हे त्या आमदाराबरोबर मतदारांनाही शिक्षा करणे होते. या युक्तिवादात पक्षाचे नाव कुठेच लागत नाही. उद्या दुसऱ्या पक्षाचे १२ आमदार निलंबित झाले तरी तो जसाच्या तसा लागू पडेल. कट्ट्यावरच्या मताची पारख करायची असेल तर एवढेच पाहावे की नावे बदलूनही ते मत उभे राहते का.

कॅमेऱ्याचा पुरावा असला म्हणजे वाद मिटतो, असाही एक समज आहे. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना खासदार दूरचित्रवाणीवर दिसले. १२ तारखेला चित्रण दाखवले गेले आणि २३ तारखेला संसदेने ११ जणांची हकालपट्टी केली. त्यात भाजपचे सहा, बसपाचे तीन, काँग्रेस आणि राजद यांचा प्रत्येकी एक होता, आणि भाजपच्या सहांपैकी दोघे आपल्या जळगाव जिल्ह्यातील होते. इतका उघड पुरावा, इतके पक्ष, तरीही भाजपने शिक्षा फार कडक असल्याचे सांगून सभात्याग केलाच. गुन्ह्याबद्दल एकमत झाले की पक्षपात शिक्षेच्या मापाकडे सरकतो. त्यामुळे पुढच्या वेळी आपल्या मित्रांना ‘झाले ते वाईट की नाही’ असे विचारू नका, त्यावर सगळेच मान डोलावतील. पूर्वीचे कोणते उदाहरण ते प्रमाण मानतात, हे विचारा. कर्नाटकात फेब्रुवारी २०१२ मध्ये सभागृहात मोबाइलवर अश्लील चित्रफीत पाहिल्याच्या प्रकरणात भाजपच्या तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले होते. हे प्रमाण रमीला लावायचे की नाही? दोन्ही उत्तरांना आधार देता येईल. मात्र एकदा दिलेले उत्तर पुढच्या प्रकरणात बदलता येणार नाही, एवढी अट कट्ट्यावर घालून पाहावी.

प्रश्न : मी कळव्यात राहतो. लॉबीतील हाणामारीत एका बाजूला आमच्याच आमदारांचे कार्यकर्ते होते. मी त्यांना मत दिले आहे. टीका केली तर शेजारी ‘फुटला’ म्हणतात, गप्प बसलो तर माझी मुलगी विचारते की तुम्हाला हे चालते का. काय करावे?
— एक मतदार, कळवा

उत्तर : आपण मत दिले आहे, वकीलपत्र घेतलेले नाही. १७ जुलै २०२५ रोजी आपले आमदार जितेंद्र आव्हाड (राष्ट्रवादी, शरद पवार गट) आणि भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर यांचे समर्थक विधानभवनाच्या लॉबीत एकमेकांना भिडले. कार्यकर्त्याने हात उगारला म्हणून नेता आपोआप दोषी ठरत नाही, आणि नेता तिथे नव्हता म्हणून त्याची जबाबदारीही संपत नाही. प्रवेशपत्र कोणाच्या शिफारशीवर मिळाले आणि नंतर नेत्याने त्या कार्यकर्त्याशी कसे वागणे ठेवले, हे दोन प्रश्न आपल्या आमदारांना विचारण्याचा हक्क सर्वात आधी आपल्याला, म्हणजे त्यांच्या मतदाराला आहे. ते लेखी विचारा, साध्या पत्राने, आणि पोच घ्या. असा प्रश्न कळव्यातून गेला तर त्याला वजन येते. विरोधकाने विचारला तर तो आरोप ठरून बाजूला पडतो. शेजाऱ्यांना काय म्हणायचे ते म्हणू द्यावे. मुलीला ते पत्र दाखवता येईल.

या प्रकरणानंतर विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी आमदारांच्या वर्तनासाठी नीतिमूल्य समिती नेमण्याचे जाहीर केले. कल्पना चांगली आहे, तीत मराठी माणसाचा वाटाही आहे : राज्यसभेत १९९७ साली स्थापन झालेल्या अशा पहिल्या समितीचे अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. परंतु समितीत सदस्य पक्षांच्या संख्याबळानुसार बसतात, म्हणजे बहुमत सत्ताधाऱ्यांचेच राहते. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा आरोप असलेल्या तृणमूल काँग्रेसच्या महुआ मोईत्रा यांच्याविषयीचा अहवाल लोकसभेच्या नीतिमूल्य समितीत ६ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी त्यांची खासदारकी गेली. तो निर्णय कोणाला योग्य वाटेल, कोणाला अयोग्य. पण अशा मतमोजणीतून आलेला निवाडा हरलेल्या बाजूला न्याय वाटणे कठीण असते. अध्यक्षपद विरोधकांकडे देणे आणि भिन्नमतपत्रिकेसह संपूर्ण अहवाल मराठीत प्रसिद्ध करणे, एवढे तरी आपल्या विधिमंडळाने करावे असे मला वाटते.

प्रश्न : सगळे एकाच माळेचे मणी आहेत. मग या चर्चेचा उपयोग काय?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : असे म्हटल्याने सर्वात मोठा गुन्हा करणाऱ्याची सर्वात जास्त सोय होते. जुलै २०२५ मध्येच आमदार निवासाच्या उपाहारगृहात डाळ शिळी असल्याच्या तक्रारीवरून आमदार संजय गायकवाड यांनी कर्मचाऱ्याला मारहाण केली. विरोधी आमदारांनी बनियन आणि टॉवेल गुंडाळून पायऱ्यांवर आंदोलन केले, त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली. आणि अन्न व औषध प्रशासनाने उपाहारगृहाचा परवाना निलंबित केला. ज्या कामगाराने मार खाल्ला त्याची बाजू या गदारोळात किती जणांनी विचारली? मोबाइलवरचा खेळ, कामगाराला मारलेला गुद्दा आणि लाचेची रक्कम या तीन गोष्टींना एकाच माळेत ओवू नये.

प्रश्न : मी विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. आमदाराने सभागृहातील कामासाठी पैसे घेतले तर विशेषाधिकाराचे संरक्षण मिळते काय?
— एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : मिळत नाही. सभागृहातील मत किंवा भाषणासाठी लाच घेतली तरी खटला न होण्याचे हे संरक्षण १९९८ च्या नरसिंह राव खटल्यातील बहुमताच्या निकालाने एका मर्यादेपर्यंत दिले होते. ४ मार्च २०२४ रोजी सीता सोरेन खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो निकाल रद्द ठरवला. लाच स्वीकारली की गुन्हा पूर्ण होतो, पुढे मत दिले की नाही, भाषण केले की नाही, हे पाहिले जात नाही. संसदेला लागू होणारा अनुच्छेद १०५ आणि राज्य विधिमंडळांना लागू होणारा अनुच्छेद १९४, दोन्हींचा विचार त्या निकालात आहे. तो मुळातून वाचावा.

मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्यात धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहातील एका खोलीतून सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये सापडले. ही रक्कम समितीसाठी असल्याचा आरोप माजी आमदार अनिल गोटे यांनी केला, समितीच्या अध्यक्षांनी तो फेटाळला आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमण्यात आले. आरोप सिद्ध झाल्याशिवाय कोणाला दोषी म्हणता येणार नाही. मात्र अभ्यासासाठी हे प्रकरण घेतलेत तर वृत्तपत्रांतील प्रतिक्रियांपेक्षा पंचनामा, प्राथमिक माहिती अहवाल आणि खोलीच्या आरक्षणाची नोंद यांपासून सुरुवात करा. माहिती अधिकारात विश्रामगृहाच्या नोंदवहीची प्रत मागता येते. चौकशी सुरू असल्याचे कारण देऊन ती नाकारली तर अपील करा, कारण चौकशीला नेमका कसा अडथळा येईल हे सांगण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे.