कोपनहेगनला नवीन आहोत. शनिवारी 15 जणांना घरी बोलावलंय, हॉटडॉग केले तर बरं दिसेल का? आणि इथल्या पद्धतीचे कसे करायचे?

छान दिसेल, अजिबात संकोच करू नका. ऑफिसातली आणि शेजारची डॅनिश मंडळी येणार, त्यांना नुसतं पाव-सॉसेज कसं वाढायचं ही तुमची काळजी मला कळते. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मीही चार भाज्या आणि पुलाव केल्याशिवाय कुणाला बोलवत नव्हते. पण ही माणसं हॉटडॉगवर लहानाची मोठी झालेली आहेत. कोपनहेगनमध्ये सॉसेजच्या गाड्या सुरू झाल्या 1921 साली. तेव्हापासून शाळकरी पोरापासून सुटाबुटातल्या माणसापर्यंत सगळे त्या गाडीपाशी उभ्याने खात आलेत. घरी कुणी मनापासून केलेला हॉटडॉग समोर ठेवला की ते खरंच खूश होतात.

फक्त एक लक्षात ठेवा. सॉसेज खुशाल विकतचं आणा, पण काकडी घरी करा. इथल्या हॉटडॉगचा जीव सॉसेजच्या वर जे पडतं त्यात आहे. लसणाची चटणी नसलेला वडापाव जसा लागेल, तसा काकडीशिवायचा हॉटडॉग लागतो.

या काकडीला इथे आगुर्केसालाट म्हणतात. शुक्रवारी रात्रीच करून ठेवा, मुरल्याशिवाय मजा नाही. इथल्या दोन लांब काकड्या सालासकट वेफर्सच्या किसणीवर अगदी पातळ कापा, चकती उजेडात धरली तर पलीकडचं दिसलं पाहिजे. चमचाभर मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि खमंग काकडीसाठी पिळतो तशी घट्ट पिळून घ्या. हे पिळणं टाळलंत तर सगळा पाव ओला होतो. मग 3 डेसिलिटर (म्हणजे 300 मिली) साधं 5 टक्क्यांचं व्हिनेगर, दीड डेसिलिटर पाणी आणि 150 ग्रॅम साखर गरम करा, साखर विरघळली की उतरवा. गार झालं की काकडीवर ओता, थोडी मिरी भरडून घाला. चव आंबट-गोड हवी, आणि गोडाला कचरू नका.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेमुलाद, तो पिवळा सॉस. दुकानात बाटलीत मिळतो आणि बहुतेक घरांत तोच असतो, पण घरचा वेगळाच लागतो. 200 ग्रॅम मेयोनेजमध्ये दोन मोठे चमचे आंबट क्रीम, व्हिनेगरमधल्या काकडीचे बारीक तुकडे, चमचाभर चिरलेले केपर्स (खारवलेल्या छोट्या आंबट कळ्या), थोडा बारीक चिरलेला फ्लॉवर, चिमूटभर साखर आणि एक छोटा चमचा करी पावडर. करी पावडर इथलीच घ्या, ती अगदी सौम्य असते. आपला गोडा किंवा कांदा-लसूण मसाला यात घालू नका, चव पार बदलते. तासभर तरी फ्रीजमध्ये ठेवा.

तळलेल्या कांद्याचा डबा विकत आणा, सगळे तेच करतात. त्याला रिस्तेदे लॉय म्हणतात. बिर्याणीवरच्या कांद्याचा भाऊच, फक्त पिठात घोळून तळलेला, म्हणून जास्त कुरकुरीत. केचप आणि सौम्य मोहरीचा सॉस तर लागतोच. शिवाय एक-दोन कच्चे कांदे अगदी बारीक चिरून.

आता सॉसेज. माणशी दोन धरून 30 आणा, पाव दोन-चार जास्तच. साधारण दोन तऱ्हा मिळतात: भाजायची, आणि पाण्यात गरम करायची लालभडक. आदल्या दिवशीचं उरलेलं सॉसेज स्वस्तात विकताना ओळखू यावं म्हणून ते रंगवायचे आणि पुढे तोच रंग लोकांना आवडू लागला, अशी त्या लाल रंगाची गोष्ट इथे सांगतात. लाल सॉसेज उकळू देऊ नका, हे मी कळकळीने सांगते. पहिल्या खेपेला मी पातेलं मोठ्या आचेवर ठेवून दारात पाहुण्यांशी बोलत राहिले. परत येऊन पाहते तर सगळी सॉसेजेस उभी फुटलेली, चव आणि चरबी पाण्यात. खूप वाईट वाटलं होतं. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, मग सॉसेज सोडा, झाकण ठेवा. आठ-दहा मिनिटांत होतात आणि दातांखाली कुडुक वाजतात.

बहुतेक सॉसेज डुकराच्या मांसाचं असतं, तेव्हा पाकीट वाचून घ्या आणि कोण काय खातं ते आधीच विचारा. शाकाहारी सॉसेज सगळ्या मोठ्या दुकानांत मिळतं. ते वेगळ्या तव्यावर, वेगळ्या चिमट्याने करा आणि वेगळ्या ताटात ठेवा. आपल्याकडच्या कुणाला बोलावलं असेल तर त्यांना हे फार बरं वाटतं.

पाव 200 अंशांवर ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं, मग स्वच्छ फडक्यात गुंडाळून टेबलावर.

रचना मी आमच्या स्टेशनबाहेरच्या गाडीवरच्या बाईंकडे बघून शिकले. सॉसेज पावापेक्षा लांब, दोन्ही टोकं बाहेर. त्यावर केचप, मोहरी आणि रेमुलाद यांच्या तीन रेघा. मग कच्चा कांदा, मग तळलेला, आणि तो त्या चिमट्याने हलकेच दाबतात म्हणजे सॉसला चिकटून बसतो. शेवटी काकडीच्या चार-पाच चकत्या, कौलांसारख्या एकीवर एक सरकवून. घरी तुम्ही कुणाचाही हॉटडॉग बांधून देऊ नका. वाडगे याच क्रमाने मांडा आणि ज्याचं त्याला करू द्या. अनोळखी माणसं त्या टेबलापाशी आपसूक बोलायला लागतात, कारण कच्चा कांदा आधी की नंतर यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं.

पाहुण्यांत कुणी स्वीडिश असेल तर ते कुस्करलेला बटाटा शोधतील. तिकडे पातळ मऊ रोटीत बटाटा, सॉसेज आणि कोळंबीचं सॅलड गुंडाळून खातात. नॉर्वेत पावाऐवजी लोम्पे असते, म्हणजे बटाट्याची पोळी, आणि 17 मे या त्यांच्या संविधान दिनाला तर ती हवीच. पोळ्या लाटणाऱ्या हाताला ती काहीच अवघड नाही. अर्धा किलो उकडलेला बटाटा गार करून किसा, मीठ आणि साधारण 100-125 ग्रॅम मैदा घालून मळा, लगेच पातळ लाटून कोरड्या तव्यावर भाजा. लाटायला उशीर केला तर पीठ सैल पडतं. माझ्या घरी मुलं पावापेक्षा हीच आधी संपवतात, म्हणून दहा-बारा तरी करून ठेवा.

काकडी उरली तर बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस सहज टिकते. आमच्याकडे ती वरण-भाताबरोबर संपते.