गाडीचं बोला: बर्फात फ्रंट व्हील चालती का ऑल व्हीलच पाहिजे?

प्रश्न: नमस्कार. माझी लेक आन जावई मागच्या वर्षी कॅनडात गेले, टोरंटोच्या बाजूला ब्रॅम्प्टनला राहतात. आता पहिली गाडी घ्यायचं चाललंय आन त्याच्यावरून घरात दोन पार्ट्या झाल्यात. जावईबापू म्हणायलेत ऑल व्हील ड्राइव्हच घ्यायची, बर्फात दुसरं काही चालतच नाही. लेक म्हणती साधी फ्रंट व्हील बास झाली, तेच मॉडेल दोन हजार डॉलरनी स्वस्त पडतंय. दोघंबी मलाच फोन करून विचारायलेत, मी परभणीत बसून काय सांगू? आमच्याकडं थंडी म्हणजे स्वेटर आन शेकोटी. — एक वाचक, परभणी

उत्तर: काका, लेकीचं बरोबर आहे, पण एका अटीवर. वाचलेले दोन हजार तिनी खिशात ठेवायचे नाहीत, त्यातले निम्मे तरी विंटर टायरात घालायचे.

आता का ते सांगतो. फ्रंट व्हीलमध्ये इंजिन पुढं, गिअरबॉक्सबी पुढं, म्हणजे गाडीचं निम्म्याहून जास्त वजन ज्या चाकांवर असतं तीच चाकं गाडी ओढतात, त्यामुळं सपाट रस्त्यावर बर्फ असला तरी ती लोकांना वाटते तेवढी बिचारी नसते. ऑल व्हीलमध्ये ताकद चारी चाकांना जाते, त्याचा फायदा गाडी जागेवरून उचलताना आणि चढ चढताना. चढाला वजन मागं सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि फ्रंट व्हील जागच्या जागी गरगर फिरत बसते, तिथं ऑल व्हील खरंच कामाला येते, जावईबापूंचं तेवढं मान्य करावंच लागेल. तरी बऱ्याच ऑल व्हील गाड्या रोजच्याला पुढच्याच चाकांवर पळत असतात, चाक घसरतंय हे कॉम्प्युटरला कळलं की मग मागची चाकं जोडली जातात, हेबी त्यांच्या कानावर घाला.

पण थांबायचं काय? ब्रेक तर अल्टोलाबी चारी चाकांनाच असतात. चार बैल जुंपले की रुतलेली गाडी निघती, पण उतारावर सुटलेली गाडी बैल वाढवून थांबत नाही. ढोबळ हिशोब सांगतो: ताशी ४० नी चाललेली गाडी कोरड्या डांबरावर ९-१० मीटरात थांबते, दाबून बसलेल्या बर्फावर तिलाच ३० मीटर लागतात, आणि रस्त्यावर पातळ गोठलेला थर असला, तिकडं ज्याला ब्लॅक आइस म्हणतात, तर ६० च्या वर. हा फक्त ब्रेक लागल्यानंतरचा हिशोब आहे, दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जे अंतर जातं ते वेगळंच. आणि हा आकडा ऑल व्हील घेतली म्हणून कमी होत नाही, उलट ती सिग्नलवरून झपकन निघते, त्यामुळं रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही, कळतं ते पुढच्या सिग्नलला, ब्रेक मारल्यावर.

हा आकडा कमी करतो तो टायर. ऑल सीझन, म्हणजे बारा महिने चालवायच्या साध्या टायरचं रबर साधारण ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं थंडीतबी मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फाला धरतात. घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असं चिन्ह आहे का बघायला सांगा, नुसतं एम प्लस एस (M+S, म्हणजे मड आणि स्नो, चिखल-बर्फ) लिहिलेलं असलं म्हणजे तो विंटर टायर झाला असं नाही. शेजारच्या क्युबेक राज्यात तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानीच सक्तीचे आहेत. बघा, कायद्यानी टायर मागितला, ऑल व्हील नाही मागितली! ब्रॅम्प्टन ज्या ओंटारिओत येतं तिथं अशी सक्ती नाही, पण २०१६ पासून विंटर टायर लावणाऱ्याला इन्शुरन्स कंपन्यांना सवलत द्यावी लागते, तेवढेच चार पैसे परत.

आणि टायर घेताना चारी घ्यायचे हं, फ्रंट व्हील आहे म्हणून पुढचे दोनच बदलू असली काटकसर नको, पुढचं टोक रस्ता धरतं आणि वळणावर मागचं टोक घसरून गाडी फिरते. वेगळ्या रिमवर सेट बसवून घेतला तर दर सीझनला अदलाबदल सोपी जाते.

ब्रॅम्प्टन बऱ्यापैकी सपाट आहे, मोठे रस्ते प्लाऊनी, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणाऱ्या गाड्यांनी, साफ होतात, मीठ टाकतात. त्यामुळं फ्रंट व्हील आणि चार विंटर टायर, माझं मत हेच. घर चढावर असलं, नाहीतर पहाटेच्या शिफ्टला प्लाऊ यायच्या आधी निघावं लागत असलं, तर मात्र जावईबापूंचं ऐका, ऑल व्हील घ्या, पण विंटर टायर तिलाबी लागतातच. तिचा खर्च नुसता घेतानाचा नाही, पेट्रोल थोडं जास्त पितीच आणि चारी टायरची झीज सारखी ठेवावी लागती, एक टायर फाटला तर कधी कधी चारीबी बदलायची वेळ येते. बाकी त्या मिठानी पत्रा खालून सडतो, थंडीभर अधूनमधून गाडी खालून धुवून घ्यायची, हे दोघांनाबी सांगा, याच्यावरून तरी भांडण नको.

प्रश्न: दादा, जानेवारीत आम्ही मित्र जालन्याहून गाडीनी मनालीला चाललोय. गाडी फ्रंट व्हील आहे. एक मित्र म्हणतो ही विकून फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांनी ओढणारी, घेऊ, आयुष्यभर कामाला येईल. — जालना

उत्तर: चार दिवसांच्या बर्फासाठी गाडी विकायची? त्या मित्राला गाडीच्या चर्चेतून बाहेर ठेवा. मनालीपर्यंत रस्ता मोकळा असला की फ्रंट व्हील जाते. अडचण पुढं, सोलंग आणि अटल टनेलच्या पट्ट्यात. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, आत रस्ता ठीक असतो, घसरगुंडी होते ती बोगद्याबाहेर. बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर नाहीतर चाकांना लोखंडी साखळ्या, म्हणजे चेन, लावलेल्या गाड्याच पुढं सोडतात, कधी सगळंच बंद. अशावेळी आपली गाडी हॉटेलला लावायची आणि तिथला फोर बाय फोरवाला ड्रायव्हरसकट भाड्यानी करायचा, त्याला रस्ता माहिती असतो. तरी स्वतःच जायचं असलं तर चेन पुढच्या चाकांना, कारण ओढणारी तीच, आणि ताशी ४० च्या वर जायचं नाही. रात्री हँडब्रेक ओढू नका, ओल गोठून चिकटतो, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. गाडी डिझेल असली तर मनालीच्या अलीकडं टाकीत थोडंच राहू द्या आणि वर गेल्यावर भरा. आपल्याकडचं डिझेल कडक थंडीत घट्ट होतं, त्यातलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनी २०१९ ला उणे ३३ पर्यंत न गोठणारं डिझेल काढलं, त्यावरून अंदाज करा. निघायच्या आधी बॅटरी आणि कूलंट दाखवून घ्या.

प्रश्न: बर्फ सोडा, आमच्या शेताच्या रस्त्याला पावसाळ्यात ऑल व्हील चालेल का? — हिंगोली

उत्तर: मुरूम टाकलेला असला तर आरामात. काळ्या रानात मात्र अवघड, भाऊ. चिखल टायरच्या नक्षीत गच्च भरतो आणि चारी चाकं गुळगुळीत होऊन एकदमच फिरायला लागतात. लो गिअरवाली (हळू पण जास्त जोरानी ओढणारा जादा गिअर असलेली) फोर बाय फोर, म्हणजे थार किंवा जिम्नी, आणि चिखलाचे टायर असले तर थोडी पुढं जाईल, पण शोरूमवाला ज्याला ऑल व्हील म्हणतो त्यातल्या बहुतेक गाड्यांत लो गिअर नसतो, बुक करायच्या आधी तेवढं विचारा. तेवढा पैसा असलाच तर त्यातल्या थोड्याचा मुरूम टाका रस्त्याला, शेजाऱ्याचीबी गाडी निघेल.