गुर्चेंको मधल्या काळात कुठे होती?

प्रश्न : ‘कार्निव्हल नाइट’ हा सोव्हिएत सिनेमा पाहिला. त्याची नायिका ल्युदमिला गुर्चेंको इतकी गाजूनही पुढे बरीच वर्षं दिसत नाही, असं का? आता कोणता सिनेमा पाहू?

उत्तर : ती दिसत होती, पण लक्षात राहील अशा भूमिकेत नव्हे. १९५६च्या त्या सिनेमाच्या वेळी ती २१ वर्षांची होती. बारीक कंबर आणि ‘पाच मिनिटं’ हे गाणं एवढीच तिची ओळख उरली. १९५८च्या ‘गर्ल विथ अ गिटार’मध्ये तोच साचा पुन्हा वापरला गेला आणि तो फिका पडला. त्यात भर म्हणजे, खासगी कार्यक्रमांचे पैसे घेते म्हणून सोव्हिएत वर्तमानपत्रांनी तिला झोडपलं. विनोदी नटीला गंभीर काम द्यायला मग कोण धजणार? १९७३च्या ‘ओल्ड वॉल्स’मध्ये ती कापडगिरणीची संचालक झाली, तेव्हा गाडी रुळावर आली. १९७६ साली ‘मामा’ (रशियनमध्ये ‘आई’) या सिनेमाच्या चित्रीकरणात बर्फावर पाय मोडला, तरी नाच सुटला नाही.

आता १९८२चा ‘स्टेशन फॉर टू’ पाहा. दिग्दर्शक ‘कार्निव्हल नाइट’चाच, एल्दार र्‍याझानोव. इथे ती स्टेशनवरच्या उपाहारगृहातली वेट्रेस आहे : तोंडाळ, थकलेली. सुरुवातीच्या जेवणाच्या बिलावरून होणाऱ्या भांडणात तिचा आवाज कसा चढतो, तेवढं नीट ऐका.