वाचकांचे प्रश्न : सॉकेट अडकतं तेव्हा

प्रश्न : आमच्या संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजमधल्या आठ खोल्यांचं तापमान पायथॉनच्या प्रोग्रामने नोंदवतो. आठही सेन्सर एका मॉडबस गेटवेला (सेन्सरची तार संगणकाच्या नेटवर्कशी जोडणारा डबा) जोडलेत. संगणकाला यूपीएस आहे, गेटवेला नाही. लाइन जाऊन आली की कधीकधी प्रोग्राम चालू दिसतो, पण नवी नोंद होत नाही आणि एररही येत नाही. बंद करून परत सुरू केला की ठीक. काय करावं?
– एक वाचक, कळमना, नागपूर

उत्तर : प्रोग्राम रिसीव्हवर, म्हणजे डेटा घेणाऱ्या कॉलवर, थांबलाय. पायथॉनच्या सॉकेटला (नेटवर्क जोडणीचं प्रोग्राममधलं टोक) आपण सांगितलं नाही तर टाइमआउट, म्हणजे थांबण्याची मुदत, नसतोच. डेटा येईपर्यंत किंवा कनेक्शन संपल्याचं कळेपर्यंत तो थांबतो. गेटवे नीट बंद झाला असता, तर जोडणी संपल्याचं सांगणारं फिन पाकीट आलं असतं आणि रिसीव्हने शून्य बाइट दिले असते. लाइन गेल्यावर तसं पाकीट कोण पाठवणार?

तुमची विनंती पोचली, गेटवेने टीसीपीची (नेटवर्कवर डेटा पोचवण्याच्या पद्धतीची) पोच दिली आणि उत्तराआधी लाइन गेली, तर तुमच्या बाजूने पुन्हा पाठवायचं काही उरत नाही. मग गेटवे परत सुरू झाला तरी तुमचं सॉकेट बेमुदत वाट पाहतं. पोच मिळाली नसेल, तर कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) विनंती पुन्हापुन्हा पाठवतो. लिनक्सवर त्यातही पंधराएक मिनिटं जाऊ शकतात. जोडणी जिवंत आहे का हे तपासणाऱ्या कीप-अलाइव्हवर विसंबू नका. तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी लिनक्सवर पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी होते. शीतगृहात दोन तास म्हणजे फार झाले.

जोडणीला ३ सेकंदांचा आणि उत्तराला २ सेकंदांचा टाइमआउट ठेवा. गेटवे आणि सेन्सर यांच्यातल्या ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) आरएस-४८५ तारेवर दहा रजिस्टरांची (सेन्सरमधल्या दोन-दोन बाइटांच्या आकड्यांची) विनंती आणि उत्तर मिळून ३३ बाइट होतात. तारेवरचा त्यांचा वेळ ४० मिलिसेकंदांच्या आत बसतो, म्हणजे २ सेकंद भरपूर. मात्र गेटवेच्या सेटिंगमधला सिरियल टाइमआउट (सेन्सरच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत) तुमच्या टाइमआउटपेक्षा कमी हवा. तसा असेल तर सेन्सर गप्प असताना गेटवे स्वतः ११ क्रमांकाचा एक्सेप्शन कोड (त्रुटीचा संकेत) देतो, आणि सेन्सर बिघडला की गेटवेच नाही हे तुम्हाला वेगळं कळतं.

एवढ्यावर थांबू नका. सेटटाइमआउट या फंक्शनने दिलेले २ सेकंद प्रत्येक रिसीव्हला नव्याने मिळतात. उत्तर तुकड्यातुकड्याने आलं तर एकूण वेळ कितीही लांबेल. म्हणून विनंती पाठवतानाच मोनोटॉनिक, म्हणजे मध्येच न जुळवल्या जाणाऱ्या, घड्याळावर अंतिम वेळ ठरवा आणि प्रत्येक रिसीव्हआधी उरलेला वेळ टाइमआउट म्हणून द्या. साधं घड्याळ नको. ते मध्येच जुळवलं गेलं की हिशेब चुकतो. गेटवेकडून नेटवर्कवर येणाऱ्या उत्तराचे आधी बरोबर ६ बाइट जमवा. त्यातले शेवटचे दोन पुढे किती बाइट येणार ते सांगतात. दहा रजिस्टरांच्या उत्तरात तिथे २३ दिसतील, एकूण २९ बाइट. एका रिसीव्हमध्ये सगळे येतील असं धरू नका.

टाइमआउट झाला की ते सॉकेट बंद करून नवं उघडा. हे सर्वांत महत्त्वाचं. खोली ३ चं उत्तर उशिरा झालं म्हणून त्याच सॉकेटवर खोली ४ ला विचारलंत, तर आधी ३ चं रखडलेलं उत्तर हाती येतं आणि ते ४ च्या नावावर चढतं. पुढच्या सगळ्या नोंदी एकेक घराने सरकतात, आणि आकडे पटण्यासारखे असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक विनंतीला वेगळा ट्रॅन्झॅक्शन क्रमांक द्या आणि उत्तराच्या पहिल्या दोन बाइटांशी ताडून पाहा. नोंदीत 'वाचन मिळालं नाही' असं वेगळं लिहा. मागचं तापमान पुन्हा भरू नका. आणि जमल्यास गेटवेलाही यूपीएसवर घ्या.

प्रश्न : पायथॉनच्या क्रिएट-कनेक्शन या जोडणी करणाऱ्या फंक्शनला ५ सेकंदांचा टाइमआउट दिलाय. सर्व्हर बंद असला की एरर यायला १० सेकंद लागतात. का?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : सर्व्हरच्या नावाचे दोन पत्ते निघत असावेत, एक आयपीव्ही६ आणि एक आयपीव्ही४. हे फंक्शन पत्ते एकामागोमाग वापरून पाहतं आणि दरेकाला पूर्ण ५ सेकंद देतं. शिवाय नावावरून पत्ता शोधण्याचा वेळ या टाइमआउटमध्ये धरलेलाच नसतो. कारखान्याच्या आतल्या सर्व्हरसाठी सरळ आयपी पत्ता लिहा.

प्रश्न : नॉन-ब्लॉकिंग (थांबून न राहणाऱ्या) सॉकेटवर कनेक्ट लगेच 'इनप्रोग्रेस' एरर देतं. लूपमध्ये पुन्हा कनेक्ट करत राहू का?
– एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : नको, त्याने सीपीयू फुकट जळेल. जोडणी सुरू झाली एवढाच त्याचा अर्थ. पोल या सॉकेटची वाट पाहणाऱ्या फंक्शनला लिहिण्याच्या तयारीवर नजर ठेवायला सांगा, टाइमआउटही तिथेच द्या. सॉकेट लिहिण्याजोगं झालं म्हणजे जोडलं गेलं असं नव्हे; जोडणी नाकारली तरी ते तसंच दिसतं. गेटसॉकऑप्ट या फंक्शनने एसओ-एरर, म्हणजे जोडणीच्या एररचा क्रमांक, वाचा. ० आला तरच डेटा पाठवा.